दहा चौरस मीटरचं विद्यापीठ

स्टँडसमोरच्या मेडिकलचे मालक आणि कागदोपत्री 'अप्रेंटिस मास्टर' शेठ यांस,



शेठ, आपली भेट कधी झालेली नाही, पण तुमची सही माझ्या चांगली ओळखीची आहे. निळ्या शाईची, शेवटाला लांब शेपूट काढलेली, आणि त्या शेपटीवर तिरका बसवलेला गोल शिक्का. मी ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी आहे. कंत्राटी जागा निघाली की उमेदवारांच्या फायली माझ्याही टेबलावरून जातात आणि तालुक्यातल्या दर दुसऱ्या फायलीत तुम्ही भेटता. डी. फार्म.ची दोन वर्षं संपल्यावर जे ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते या सगळ्यांनी तुमच्याच पायाशी बसून घेतलं, असं तो शिक्का सांगतो.

दुकानाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुमच्यासारखे आणखी दहाजण 'बरं झालं, त्याचं नाव आलं' म्हणून निवांत चहा मागवतील. त्यांच्याही चहात थोडं मीठ पडावं अशी इच्छा आहे.

आधी अभिनंदन करते. किरकोळ औषधविक्रीच्या दुकानाला कायद्याने किमान १० चौरस मीटर जागा लागते. तुमच्याकडे तेवढीच आहे, वीतभरही जास्त नाही. त्यात तीन भिंतींना मांडण्या, काउंटर, गल्ला, डायपरची थप्पी, आणि एक फ्रिज, ज्यात इन्शुलिनला सोबत म्हणून थंडगार सरबताची बाटली असते. अशा जागेत गेल्या एकाच हंगामात तुम्ही अकरा विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिलंत. नियम असा आहे, की दुकानात एक नोंदणीकृत फार्मासिस्ट काम करत असेल तर त्याच्या हाताखाली जास्तीत जास्त दोन विद्यार्थी ठेवायचे, आणि पुढे जास्तीच्या प्रत्येक फार्मासिस्टामागे एकेक. म्हणजे अकरा विद्यार्थ्यांसाठी दहा फार्मासिस्ट. दहा अधिक अकरा, एकवीस. दहा चौरस मीटरात एकवीस माणसं उभी करून वर धंदाही करायचा, हे मुंबईच्या लोकलवाल्यांनासुद्धा तुमच्याकडून शिकण्यासारखं आहे.

बरं, ते दहा फार्मासिस्ट राहू द्या. एक तरी दाखवा. भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये ज्या बाईंचं सर्टिफिकेट टांगलेलं आहे, त्या लग्न होऊन परगावी गेल्या आणि दरमहा त्यांच्या खात्यात ठरलेली रक्कम जाते, हे अख्ख्या स्टँडला ठाऊक आहे. त्यांनी तुमचं दुकान आतून पाहिलंय का, एवढंच कुणाला माहीत नाही. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते तेव्हा याच गैरहजर फार्मासिस्टांवरून राज्यभर कारवाया झाल्या आणि केमिस्टांनी बंद पुकारले. तुम्हीही शटर ओढलं असणार. अन्यायाविरुद्ध लढणारी माणसं मला आवडतात.

तर ज्या दुकानात शिकवायला फार्मासिस्टच नाही, तिथे अकरा फार्मासिस्ट तयार होतात. गुरू भाड्याचा आणि शिष्य कागदावरचा. दोघांची एकमेकांना कधीच अडचण होत नाही.

तुम्ही ज्यावर सही करता तो करारनामा कधी वाचलात का? वाचला नसणार, गल्ल्यावर वेळ कुठे असतो. १९९१ च्या शिक्षण विनियमांतही तो होता. कॉलेजचे प्रमुख विद्यार्थ्याला तीन प्रती देतात. एक भाग विद्यार्थ्याने भरायचा, एक तुम्ही. भरलेली एक प्रत कॉलेजात जाते, एक तुमच्याकडे राहते, एक विद्यार्थ्याकडे. त्यात तुम्ही लेखी कबूल करता, की या मुलाला मी कायद्याने लागणाऱ्या नोंदी ठेवायला शिकवीन, नेहमीची उपकरणं हाताळायला शिकवीन, डॉक्टरची चिठ्ठी वाचायला, उतरवून घ्यायला आणि त्यातला डोस तपासायला शिकवीन, औषध द्यायला आणि साठवायला शिकवीन. तीन महिन्यांपेक्षा कमी नाही, ५०० तासांपेक्षा कमी नाही, आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवर औषध देण्याचे. हा आकडा ज्यांनी घातला त्यांना तुमची जात माहीत असणार. निम्मा वेळ तरी पोरगं काउंटरवर उभं राहिलं पाहिजे, खोकी उतरवण्यातच तीन महिने जायला नकोत, एवढ्यासाठी तो आहे. तुम्ही त्यावरही उपाय काढलात. खोकी उतरवायलासुद्धा बोलावत नाही.

खरं तर बोलावलंत तरी मी काही अंशी माफ केलं असतं. खोकी उतरवणारा पोरगा निदान पाहतो तरी, की कुठला माल फ्रिजमध्ये गेला आणि कुठला मांडणीवर. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्स्पायरीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखायचं असतं, हे कुणाच्या तरी हाताकडे बघूनच कळतं. एच-वन वर्गातल्या औषधांचं रजिस्टर वेगळं का, त्यात डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग का लिहायचे, ते तीन वर्षं का जपायचं, हे एकदा स्वतःच्या अक्षरात लिहिलं की डोक्यात बसतं. तुमच्याकडचं ते रजिस्टर महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एकाच पेनाने, एकाच अक्षरात भरलं जातं म्हणतात. सुंदर अक्षर असेल.

तुमच्या काउंटरवर जो पोरगा गेली पंधरा वर्षं उभा आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, हे खोटं नाही. दहावीनंतर तो तुमच्याकडे आला. तालुक्यातल्या कुठल्याही डॉक्टरचं अक्षर तो वाचतो, अंधारात हात घालून हवी ती स्ट्रिप काढतो, गिऱ्हाइकाला उधारी मागताना त्याचा आवाज चढत नाही. त्याला कुठल्याही कॉलेजने प्रवेश दिला असता तर आज तो आमच्यापेक्षा सरस फार्मासिस्ट असता. पण त्याला माहीत आहे ती ब्रँडची नावं. दोन नावांच्या पोटात एकच औषध आहे, किंवा एका नावाच्या दोन बाटल्यांत दोन वेगळी ताकद आहे, हे त्याला सांगणारं माणूस त्या दुकानात कधी आलंच नाही. ते माणूस तयार करण्यासाठीच तर ते ५०० तास होते, शेठ. तुम्ही ते विकले.

आता एक हकिगत ऐका. मागच्या पावसाळ्यात सकाळी एका आजींना वडापमधून आणलं. घामाने भिजलेल्या, मुलाला ओळखत नव्हत्या. साखर तपासली, ४१. डॉक्टरांनी ग्लुकोज सुरू केलं आणि मला मुलाच्या पिशवीतली औषधं बघायला सांगितली. पिशवीत ग्लार्जिन इन्शुलिनची बाटली होती, एका मिलिलिटरमध्ये १०० युनिटची. शहरातल्या डॉक्टरांनी नुकतंच बदलून दिलेलं. रात्री २० युनिट, असं चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेलं. आणि बाटलीसोबत, त्याच पावतीवर, लाल टोपणाच्या सिरिंजा.

तुमचा करारनामा बाजूला ठेवून जरा समजून घ्या. आपल्याकडे इन्शुलिनच्या ज्या बाटल्या वर्षानुवर्षं मिळतात त्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या बाटलीची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल सिरिंजवर २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिलिलिटर येतं. ४० च्या बाटलीतून ओढलं तर ते २० युनिटच असतं. १०० च्या बाटलीतून ओढलं तर ५०. मुलाने आईला बरोबर २० च्या रेघेवर, अगदी चष्मा लावून, अडीचपट इन्शुलिन टोचलं होतं. ग्लार्जिन सावकाश उतरतं, म्हणून आजींना दोन दिवस ठेवून घ्यावं लागलं. वाचल्या.

पावती शेजारच्या गावातल्या दुकानाची होती. संध्याकाळी मी तिथे गेले. काउंटरवर तेवीस-चोवीसचा मुलगा, रीतसर नोंदणी झालेला, अंगावर पांढरा कोट. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते दुकान तुमच्यापेक्षा कितीतरी सरळ. त्याला दोन्ही सिरिंजा समोर ठेवून विचारलं, यात फरक काय? तो म्हणाला, "मॅडम, सगळे लालच नेतात." नारिंगी टोपणाचं पाकीट दुकानात होतं. त्याने ते माझ्यासमोर पहिल्यांदा फोडलं. दोन्ही सिरिंजा उजेडात धरून त्याने रेघा मोजल्या आणि त्याचा चेहरा उतरला. पोरगं मठ्ठ नव्हतं. स्वादुपिंडातल्या कुठल्या पेशी इन्शुलिन बनवतात ते त्याला पाठ होतं, तंत्रशिक्षण मंडळाच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आला होता. फक्त दोन सिरिंजा हातात देऊन 'बघ' म्हणणारं कुणी त्याला भेटलं नव्हतं.

"ट्रेनिंग कुठे केलंस?" त्याने तुमचं नाव घेतलं, शेठ. आदराने घेतलं. "वडील जाऊन आले होते शेठकडे. मी तेव्हा चाकणला कंपनीत हेल्पर होतो, फीचे हप्ते राहिले होते ना." म्हणजे तुमच्या हजेरीप्रमाणे तो रोज सकाळी नऊला तुमच्या काउंटरवर चिठ्ठ्या वाचत होता, आणि स्वतः तो चाकणला बारा तासांच्या शिफ्टमध्ये खोकी पॅक करत होता. वडिलांनी तुम्हाला काय दिलं ते मी विचारलं नाही. ५०० तासांची तीस हजार मिनिटं होतात. त्यातली पाच मिनिटं खरी द्यायची होती.

तुम्ही म्हणाल, मॅडम, माझ्या एकट्याच्या सहीने काय होतं, कॉलेजवाल्यांना विचारा. विचारते की. कॉलेज म्हणतं, मुलांनी आपापल्या गावी सोयीने ट्रेनिंग करावं. सोय खरीच मोठी आहे. विद्यार्थी गावी, सर कॉलेजात, फाईल टपालात. तपासायला कुणी जायचं नाही, कारण गेलं तर काहीतरी दिसेल. एका कॉलेजात ६० जागा धरा. नियमाप्रमाणे एका फार्मासिस्टच्या दुकानात दोन, म्हणजे दरवर्षी तीस दुकानं लागतात, जिथे फार्मासिस्ट खरोखर हजर असतो आणि त्याला शिकवायची हौस आहे. आमच्या तालुक्यात अशी तीस दुकानं नाहीत. कॉलेजं मात्र एकाहून जास्त आहेत. फार्मसी कौन्सिलने नव्या कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घालून पाहिली होती, पण ती नुसत्या ठरावाने घातली, विनियमाने नाही, म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. तेव्हापासून उसाच्या फडात पाट्या उगवताहेत. प्रत्येक पाटीमागे वर्षाला साठ करारनामे, आणि प्रत्येक करारनाम्याला एक शेठ हवा. तुमच्या धंद्याला मरण नाही.

पालकांचं तर काय सांगावं. मुलाला दुकान टाकून द्यायचं असतं, वर्ष वाया जायला नको असतं. आमच्या खिडकीशी येऊन एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, तेवढं सर्टिफिकेटचं बघा ना, पोरगा हुशार आहे." हुशार आहे तर पाठवा म्हटलं, उद्यापासून साडेआठला. पुन्हा आले नाहीत. तुमच्याकडे आले असतील.

दिल्लीकरांनीही यावर उपाय काढलाय, तो तुम्हाला ऐकून माहीत असेलच. २०२२ मध्ये डी. फार्म. झालेल्यांसाठी एक्झिट परीक्षेचे विनियम आले. तीन पेपर, सगळे पर्याय निवडण्याचे. ज्या प्रशिक्षणात हाताने काम करायचं होतं ते झालं की नाही, हे आता पर्याय निवडून कळणार. सिरिंजचा प्रश्न त्यात आला तर आमचा तो मुलगा आज शंभर टक्के बरोबर उत्तर देईल. आजींच्या आधी आला असता तरी दिलं असतं कदाचित.

सहा वर्षांचं फार्म. डी. करणाऱ्यांना शेवटचं अख्खं वर्ष वॉर्डात काढावं लागतं, सहा महिने मेडिसिनमध्ये आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. तिथेही राउंडच्या मागे पांढरा कोट घालून नुसतं उभं राहणं पुष्कळ चालतं, पण उभं तरी राहावं लागतं. आणि ती मुलं शेवटी मोठ्या शहरांतल्या मोठ्या हॉस्पिटलांत जातात. वाडीवस्तीवर रात्री नऊला मुलाचा ताप घेऊन जो बाप येतो, त्याच्यासमोर तुमचाच विद्यार्थी असतो.

आमच्या खिडकीत ट्रेनिंगला मुलं येऊन गेली आहेत, म्हणून सांगते. आमच्याकडे सगळं सोन्याचं नाही. कंप्युटर बंद पडतो, साठा संपतो, गर्दीच्या दिवशी मीसुद्धा त्यांना इंडेंटची खोकी मोजायला बसवते. पण गेल्या खेपेला आलेल्या एका मुलीला पहिले काही दिवस मी फक्त अँटिबायोटिकचं ड्राय सिरप करायला दिलं. सोपं वाटतं. बाटली आधी आपटून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यावर घालायचं, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग पुन्हा रेघेपर्यंत. आईला सांगायचं, की रोज देण्याआधी हलवा आणि सात दिवसांनी उरलं तर टाका. पहिल्याच दिवशी एक बाई बाटली घेऊन परत आली. पावडर होती त्यावर तिने घरी नळाचं पाणी गळ्यापर्यंत भरलं होतं, कारण दुसरीकडच्या मेडिकलवाल्याने नुसती बाटली हातात दिली होती. मुलीने ती बाटली ओतून टाकली, नवीन केली, आणि कुणी न सांगता बाईला विचारलं, "चमचा घरातला वापरता की बाटलीच्या टोपणाचं माप?" त्या प्रश्नापाशी मी तिच्या फाईलवर पहिल्यांदा सही करायचा विचार केला. केली शेवटी, तास भरल्यावर. त्याआधी नाही.

तीच मुलगी पुढच्या महिन्यात चिठ्ठी हातात घेऊन आत आली आणि म्हणाली, "मॅडम, बाळ सात महिन्यांचं आहे, आणि लिहिलंय पॅरासिटामॉल पाच एमएल, पण बाप ड्रॉप्सची बाटली मागतोय." पाच मिलिलिटर सिरपमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, ड्रॉप्सच्या एका मिलिलिटरमध्येच १००. पाच एमएल ड्रॉप्स म्हणजे ५०० मिलिग्रॅम, मोठ्या माणसाची अख्खी गोळी. बापाचा दोष नाही, आधीच्या बाळाला ड्रॉप्सच दिले होते. तिने डॉक्टरांना फोन लावला, सिरप दिलं, टोपणावर माप दाखवलं. खिडकीपुढची रांग तोवर कुरकुरत होती. हे सगळं करारनाम्यात 'डोस तपासणे' या दोन शब्दांत लिहिलंय, शेठ. तुमच्या सहीच्या बरोबर वर.

फार्मसी कायदा १९४८ चा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचा अधिकार त्याने फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला दिला, मालकाच्या भांडवलाला नाही. त्या अधिकाराच्या दारात परीक्षेशिवाय आणखी एक चाळणी ठेवली, ती म्हणजे हे प्रशिक्षण. लेखी परीक्षेत पाठांतर चालतं हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून शेवटचं काम एका अनुभवी माणसाकडे दिलं, की बाबा तू तीन महिने याला जवळून बघ आणि खरं काय ते लिही. त्या माणसाच्या जागी तुम्ही बसलात आणि न बघता लिहिलंत. तुम्ही औषधात भेसळ केली असती तर एखादी बॅच परत मागवता आली असती. तुमची ही अकरा जणांची बॅच आता पुढची तीस-पस्तीस वर्षं निरनिराळ्या गावांतल्या काउंटरवर उभी राहणार आहे.

तुमच्या हातून फार काही होईल अशी माझी अपेक्षा नाही, पण मागणं साधं आहे. पुढची तुकडी परीक्षा संपवून लवकरच फॉर्म घेऊन स्टँडवर उतरेल. खरा फार्मासिस्ट नेमा, पूर्ण पगारावर, पूर्ण वेळ. त्याच्या हाताखाली दोघांना ठेवा, बाकी नऊ जणांना परत पाठवा. ते दोघे आले नाहीत त्या दिवशी हजेरी लावू नका. एवढं जमणार नसेल तर पेन खिशातून काढू नका.

कळावे,

ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीतली
एक फार्मासिस्ट

ता. क. – हे पत्र डी. फार्म.च्या मुलांच्या आईवडिलांच्या वाचनात आलं तर त्यांच्यासाठी. प्रशिक्षण सरकारी रुग्णालयातही करता येतं. अर्ज वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने करायचा. आमच्या खिडकीला या वर्षी दोन जागा आहेत आणि त्यांसाठी अजून एकही अर्ज आलेला नाही.